‘द किड’ची डिस्क आणि जॅकी कूगनचा हिशेब

चार्ली चॅप्लिनचा ‘द किड’ फुकट पाहता येतो. टाकून दिलेल्या पोराला वाढवणाऱ्या भटक्याची गोष्ट सांगणारा १९२१ सालचा हा मूकपट अमेरिकेत केव्हाच स्वामित्वहक्कातून मोकळा झाला असल्यामुळे त्याच्या बऱ्यावाईट, बहुतेक वाईटच, प्रती इंटरनेटवर ढिगाने पडलेल्या आहेत. असे असताना निवडक चित्रपट डिस्कवर काढणाऱ्या क्रायटेरियन कलेक्शन या अमेरिकी कंपनीने फेब्रुवारी २०१६ मध्ये काढलेल्या ब्ल्यू-रे आवृत्तीसाठी ३९.९५ डॉलर कशाला मोजायचे, असा प्रश्न ती डिस्क न्यू जर्सीहून माझ्यासाठी घेऊन येणाऱ्या भाच्याने मला विचारला होता. त्या वेळी मी त्याला चित्राचा स्वच्छपणा, चॅप्लिनचे संगीत, पुरवण्या असे काहीबाही सांगून वेळ मारून नेली. आता ती डिस्क पुरवण्यांसह तीनदा पाहून झाल्यावर मी वेगळे उत्तर देईन. ही डिस्क चॅप्लिनसाठी नव्हे, तर त्याच्याबरोबर पडद्यावर उभ्या असलेल्या त्या चिमुरड्यासाठी, म्हणजे जॅकी कूगनसाठी घ्यावी.

घेण्याआधी एक व्यावहारिक अडचण सांगणे भाग आहे. ब्ल्यू-रे डिस्कसाठी जगाचे तीन विभाग पाडलेले आहेत. ही आवृत्ती अमेरिकेच्या ‘ए’ विभागासाठी बांधलेली आहे आणि भारत ‘सी’ विभागात येतो. मी ज्या दुकानातून प्लेअर घेतला, तेथील विक्रेत्याने “सगळं चालतं, काका” असे छातीठोकपणे सांगितले होते. घरी आणून डिस्क आत सरकवल्यावर पडद्यावर फक्त नकाराची पाटी उमटली. पुढे सर्व विभागांच्या डिस्क चालवणारा प्लेअर एका मित्राकडून मागून आणला, तेव्हा कुठे चित्र दिसले. डीव्हीडी घेतली तरी प्रश्न सुटत नाही, कारण तेथे अमेरिकेचा विभाग पहिला आणि आपला पाचवा आहे. हा खर्च किमतीत धरूनच निर्णय घ्यावा.

चित्राबद्दल मात्र तक्रारीला जागा नाही. इटलीतील बोलोन्याच्या चित्रपट-संग्रहालयाने चॅप्लिनच्या चित्रपटांचे जे जीर्णोद्धाराचे काम हाती घेतले आहे, त्यातून आलेली ही ४के प्रत आहे. इंटरनेटवरच्या प्रतींत जेथे चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग दिसतो, तेथे येथे जॅकीच्या गालावरची धूळ, ढगळ पॅन्टला अडकवलेला एकच पट्टा आणि टोपीच्या फाटक्या कडेतून बाहेर आलेले केस दिसतात. लहान मुलाच्या अभिनयाचे मोजमाप डोळ्यांवरून करायचे असते, आणि डोळे दिसायला लागल्यावर हा चित्रपट मी खरोखर पहिल्यांदाच पाहत आहे असे मला वाटले.

एक गोष्ट मात्र खटकते. डिस्कवरचा मुख्य चित्रपट ५३ मिनिटांचा आहे. १९२१ मध्ये प्रेक्षकांनी पाहिलेला ‘द किड’ ६८ मिनिटांच्या आसपास होता. म्हातारपणी, १९७१च्या सुमारास, चॅप्लिनने त्याला नवे संगीत दिले आणि त्याच वेळी एडना पर्व्हिअन्सने केलेल्या आईच्या भूमिकेतील काही प्रसंग कापून टाकले. कापलेले तुकडे पुरवणीत सुटे दिलेले आहेत, पण मूळ लांबीचा चित्रपट सलग पाहण्याची सोय नाही. कलावंताची शेवटची इच्छा प्रमाण मानण्याचा हा शिरस्ता मला समजतो. तरीही १९२१च्या चित्रपटाचे शंभर वर्षांहून जुने आयुष्य एका वृद्धाच्या कात्रीपेक्षा मोठे आहे असे मला वाटते, आणि दोन्ही पाठ दिले असते तर डिस्कवर जागा कमी पडली नसती.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. जॅकी कूगनचा जन्म २६ ऑक्टोबर १९१४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये झाला. वडील जॅक कूगन हे रंगमंचावर नाचगाणी आणि विनोदी नकला करणारे नट होते, आणि बापाच्या प्रयोगाच्या शेवटी हा पोरगाही रंगमंचावर येऊन नकला करून जायचा. चॅप्लिनने त्याला १९१९ मध्ये लॉस एंजेलिसच्या ऑर्फियम नाट्यगृहात पाहिले, तेव्हा तो चार वर्षांचा होता. त्याच वर्षी जुलैमध्ये चॅप्लिनचा पहिला मुलगा जन्मानंतर तीन दिवसांत गेला होता. या दोन गोष्टी इतक्या जवळजवळ घडल्या आहेत की चॅप्लिनवर लिहिणारा प्रत्येक जण त्यांना एका धाग्यात ओवतो, आणि तो मोह आवरणे मलाही जमलेले नाही. ‘अ डेज प्लेझर’ या छोट्या चित्रपटात जॅकीला एकदा अजमावून पाहून चॅप्लिनने त्याला आठवड्याला ७५ डॉलर पगारावर ‘द किड’साठी घेतले आणि चित्रीकरण तब्बल वर्षभर चालले.

जॅकीची देणगी नकलेची होती. चॅप्लिन एखादी हालचाल एकदा करून दाखवायचा आणि पोरगा ती तशीच्या तशी, पण आपल्या आकाराला साजेशी करून परत द्यायचा. काचा फोडण्याचा प्रसंग पाहा. पोरगा रस्त्यावरच्या घरांच्या तावदानांवर दगड मारून पळतो आणि थोड्या वेळाने भटक्या चार्ली पाठीवर काचा लावून, जणू योगायोगानेच, तेथे उगवतो. एका घरापाशी दगड फेकण्यासाठी हात मागे नेताना तो हात मागे येऊन उभ्या राहिलेल्या पोलिसाला लागतो, तेव्हा पोरगा वळून पाहतो, दगड एका हातातून दुसऱ्या हातात उडवत खेळत असल्याचा आव आणतो, मग तो हळूच टाकून देतो आणि धूम ठोकतो. हा चॅप्लिनचाच नेहमीचा डाव आहे, पण चार-पाच वर्षांच्या मुलाच्या अंगावर तो इतका बेमालूम बसतो की हसताहसता आपण थबकतो. न्याहारीच्या प्रसंगात तर भूमिकांची सरळ अदलाबदल झालेली आहे. पोरगा धिरड्यांसारख्या पॅनकेकची चळत रचतो, चार्ली अंथरुणात लोळत असतो, आणि ‘उठा आता’ अशा मुद्रेने त्याला उठवणारा घरातला कर्ता माणूस हा मुलगाच असतो. भोक पडलेल्या गोधडीतून डोके वर काढून चार्ली तिचाच अंगरखा करतो आणि जेवायला बसतो. मग दोघे पॅनकेक मोजून सारखे वाटून घेतात. वाटणीतला हा काटेकोरपणा जॅकीच्या पुढच्या आयुष्यात कोणी पाळला नाही, हे माहीत असल्यामुळे मला त्या दृश्यावर आता मोकळेपणाने हसता येत नाही.

अनाथाश्रमाच्या गाडीतला प्रसंग सर्वांना ठाऊक असतो. गाडीच्या हौद्यात उभा राहून, दोन्ही हात पसरून तो मुलगा रडत विनवतो आणि घराच्या छपरांवरून धावत आलेला चार्ली त्याला उचलून छातीशी धरतो. हे रडणे कसे मिळाले, ते चॅप्लिनने आत्मचरित्रात सांगितले आहे. मुलगा आनंदात असल्यामुळे त्याला रडू येईना, तेव्हा वडिलांनी ‘मी त्याला रडवतो’ म्हणून जबाबदारी घेतली आणि रडला नाहीस तर खरोखरच्या अनाथाश्रमात पाठवू अशी धमकी त्याला दिली. पोर हमसून रडू लागले, दृश्य मिळाले, आणि चॅप्लिनने जवळ घेऊन समजावले, तेव्हा बाबा थट्टा करत होते हे मला ठाऊक होते, असे पोराने त्याला सांगितले. चॅप्लिन हा किस्सा प्रेमाने सांगतो. मला मात्र त्यात एक व्यवस्था दिसते. अश्रू मुलाचे, ते काढण्याचा अधिकार बापाचा आणि ते विकण्याचा अधिकार चित्रपटाचा, अशी ही वाटणी होती. वडील त्या चित्रपटात छोट्या-छोट्या भूमिकांतही दिसतात, त्यांतली एक खिसेकापूची आहे. ही निव्वळ पात्रयोजना आहे, यापलीकडे मी तिच्यात काही वाचणार नाही.

पुरवण्यांत जॅकीवर एक स्वतंत्र दृक्‌निबंध आहे. चॅप्लिनच्या अभ्यासक लिसा हेवन यांनी केलेल्या या निबंधात त्याला पहिला बालतारा म्हटले आहे, आणि ते अतिशयोक्त नाही. ‘द किड’नंतर तो घराघरांत पोचला, ‘पेक्स बॅड बॉय’ आला, १९२२ मध्ये ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्ये लॉन चॅनीने केलेल्या फेगिनसमोर, म्हणजे पोरांना चोरी शिकवणाऱ्या म्हाताऱ्यासमोर, तो उभा राहिला. हा शेवटचा चित्रपट कित्येक वर्षे हरवलेला होता आणि १९७०च्या दशकात त्याची संवादांच्या मधल्या पाट्या नसलेली प्रत युगोस्लाव्हियात सापडली, तेव्हा पाट्या पुन्हा लिहिण्याच्या कामी प्रौढ झालेल्या कूगननेच हातभार लावला. त्याच्या नावाने बाहुल्या निघाल्या, शेंगदाण्याचे लोणी निघाले. १९२३ मध्ये तो मेट्रो कंपनीकडे गेला, तेव्हा नुसत्या सहीपोटी पाच लाख डॉलर मिळाल्याचा गाजावाजा झाला. १९२४ मध्ये नऊ वर्षांच्या या मुलाला पुढे करून आर्मेनियन आणि ग्रीक अनाथ मुलांसाठी दहा लाख डॉलरहून अधिक किमतीचे अन्नवस्त्र गोळा केले गेले, आणि त्या दौऱ्यात तो पोप अकरावे पायस यांनाही भेटून आला. पडद्यावर चिंध्या घातलेला मुलगा जगातल्या खऱ्या अनाथांसाठी कपडे गोळा करत फिरत होता, आणि घरी त्याला हातखर्चाला आठवड्याला सव्वासहा डॉलर मिळत होते.

बालनटाचा बाजार मिसरूड फुटताच उठतो. त्याचे कपाळावर कापलेले प्रसिद्ध केस १९२७ मध्ये कापले गेले, तेव्हा त्या केशकर्तनाचीच जाहिरात करून एक चित्रपट खपवला गेला. मे १९३५ मध्ये मेक्सिकोतून शिकार करून परतताना सॅन डिएगो परगण्यात त्यांची मोटार डोंगरी रस्त्यावरून कोसळली. गाडी वडील चालवत होते. वडील, तरुण नट ज्युनियर डर्किन आणि आणखी दोघे असे चार जण गेले, आणि एकटा जॅकी वाचला. ऑक्टोबरमध्ये तो एकवीस वर्षांचा, म्हणजे सज्ञान झाला आणि आपल्या कमाईबद्दल विचारू लागला. वडिलांच्या मृत्युपत्राने सारे आईला मिळाले होते. आईने पुढे कुटुंबाचे आर्थिक व्यवहार पाहणाऱ्या आर्थर बर्नस्टाइनशी लग्न केले. १९३८ मध्ये जॅकीने आई आणि सावत्र वडील यांच्यावर दावा लावला.

त्या दाव्यात आईची भूमिका अशी होती की त्याला काही देण्याचे वचन कोणी दिलेलेच नव्हते. कायद्याने ते चुकीचेही नव्हते, कारण कॅलिफोर्नियात त्या काळी अज्ञान मुलाची कमाई आईबापांची मानली जाई. आपल्याकडे सातबाऱ्यावर अज्ञान वारसाच्या नावापुढे ‘अ. पा. क.’ (अज्ञान पालन कर्ता) लिहितात, म्हणजे जमीन पोराची आहे आणि पालन करणारा वेगळा आहे हे निदान कागदावर तरी राहते. जॅकीच्या कमाईवर त्याचे नावच चढलेले नव्हते. बालपणी त्याने तीस ते चाळीस लाख डॉलर मिळवले असा अंदाज केला जातो. दावा मिटेपर्यंत शिल्लक सुमारे अडीच लाखांवर आली होती आणि त्यातले १,२६,००० डॉलर त्याच्या हाती पडले. अडचणीच्या दिवसांत तो चॅप्लिनकडे गेला, तेव्हा चॅप्लिनने काही न विचारता हजार डॉलर काढून दिले असे सांगतात.

या प्रकरणातून १९३९ मध्ये कॅलिफोर्नियाचा जो कायदा आला, तो आजही कूगनच्या नावाने ओळखला जातो. सुरुवातीचा कायदा अगदी सच्छिद्र होता. न्यायालयाच्या मंजुरीसाठी आलेल्या करारांनाच तो लागू होई, आणि निर्माते मंजुरीला जातच नसत. १ जानेवारी २००० पासून दुरुस्ती लागू झाली, तेव्हा कुठे मुलाची कमाई मुलाच्या मालकीची ठरली आणि तिच्यातले १५ टक्के हात न लावता येणाऱ्या खात्यात ठेवणे बंधनकारक झाले. २०२४ मध्ये इंटरनेटवरच्या चित्रफितींत दिसणाऱ्या मुलांनाही कॅलिफोर्नियाने याच धर्तीचे संरक्षण दिले. आपल्याकडे बालकामगारविषयक नियमांत २०१७ मध्ये भर पडली असून बालकलाकाराच्या उत्पन्नातील किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने मुदत ठेवीत टाकावी, दिवसाला पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक काम घेऊ नये, असे त्यात सांगितले आहे. मालिकांच्या सेटवर त्यांतले किती पाळले जाते, हे गोरेगावच्या चित्रनगरीत ये-जा असणाऱ्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल.

येथे या आवृत्तीची दुसरी त्रुटी सांगतो. जॅकीला एवढी जागा देऊनही त्या खटल्याला आणि त्या कायद्याला पुरवण्यांत स्वतंत्र स्थान नाही. संपादकांना चित्रपट सांगायचा आहे हे खरे, पण त्या चित्रपटाचा सर्वांत टिकाऊ परिणाम एका राज्याच्या कायद्याच्या पुस्तकात आहे.

याची भरपाई एका अनपेक्षित ठिकाणाहून होते. पुरवण्यांत ‘नाइस अँड फ्रेंडली’ नावाची १९२२ची छोटीशी फिल्म आहे. ती चॅप्लिनने हॉलिवूडच्या मुक्कामात मधुचंद्राला आलेल्या एका इंग्रज जोडप्याला लग्नाची भेट म्हणून घरगुती गमतीत करून दिली. ते जोडपे म्हणजे लुई आणि एडविना माउंटबॅटन. होय, पंचवीस वर्षांनी दिल्लीत आलेले तेच. बंगल्याच्या हिरवळीवर चोरांचा आणि दागिन्याचा पोरकट खेळ चालतो, आणि त्यात जॅकीही आहे. चित्रपट म्हणून ही फिल्म टाकाऊ आहे. पण १९४३ अखेरीस माउंटबॅटन आग्नेय आशियातील दोस्त सैन्याचे सरसेनापती झाले, आणि त्याच सुमारास ग्लायडरचा वैमानिक झालेला जॅकी कूगन पहिल्या एअर कमांडो तुकडीतून भारतात उतरला. ५ मार्च १९४४च्या रात्री आसामातील कछारच्या लालाघाट धावपट्टीवरून ग्लायडर उडाले आणि ब्रिटिश सेनानी विंगेटच्या ‘चिंडिट’ नावाच्या छापामार सैनिकांना घेऊन ब्रह्मदेशात जपानी फळीच्या मागे, जंगलातल्या मोकळ्या पट्टीवर अंधारात उतरले. त्या मोहिमेत कूगन होता. इंजिन नसलेले ते विमान एकदा खाली आले की स्वतःहून पुन्हा वर जाऊ शकत नाही. हिरवळीवरचा तो खेळ त्यानंतर पुन्हा पाहिला, तेव्हा मला तो मुळीच टाकाऊ वाटला नाही. आणि मूळ मत मी वर तसेच ठेवले आहे.

बाकीच्या पुरवण्यांपैकी चार्ल्स मेलंड यांचे चित्रपटावरचे भाष्य माहितीपूर्ण आहे, फक्त सलग ऐकताना वर्गात बसल्यासारखे वाटते. बेन मॉडेल यांनी कॅमेऱ्याचा दांडा मुद्दाम हळू फिरवून हालचालीला वेग कसा आणला जाई, ते दृश्ये मूळ गतीने शेजारी ठेवून दाखवले आहे. ही पुरवणी लहान आहे आणि माझ्या मते साऱ्या डिस्कवरची सर्वांत डोळे उघडणारी आहे. लिटा ग्रे यांची मुलाखत पाहताना अस्वस्थ व्हायला होते. स्वप्नाच्या प्रसंगात नखरेल देवदूत झालेली ही मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती आणि सोळाव्या वर्षी ती चॅप्लिनची बायको झाली. पुस्तिकेतला टॉम गनिंग यांचा लेख चांगला आहे, छपाई मात्र माझ्या वयाच्या डोळ्यांना बारीक वाटते.

सर्वांत शेवटी ठेवावी अशी गोष्ट म्हणजे उतारवयातल्या कूगनची मुलाखत. जाडजूड, टकलू, घोगऱ्या आवाजाचा हा गृहस्थ अमेरिकी प्रेक्षकांना ‘द अ‍ॅडम्स फॅमिली’ या १९६४ ते १९६६च्या दूरदर्शन मालिकेतला अंकल फेस्टर म्हणून ठाऊक होता, तोंडात विजेचा दिवा धरून पेटवणारा. ज्या चेहऱ्याने एके काळी बाहुल्या खपल्या, तो चेहरा मुंडन करून, डोळ्यांखाली काळे फासून त्याने दुसऱ्यांदा लोकप्रिय करून दाखवला. बालनटांत ही दुसरी खेळी फार थोड्यांना साधली आहे. चॅप्लिनबद्दल बोलताना त्याच्या बोलण्यात कुठेही कडवटपणा नाही. १९७२ मध्ये चॅप्लिन वीस वर्षांनी अमेरिकेत परतला, तेव्हा लॉस एंजेलिसच्या विमानतळावर स्वागताला गेलेल्यांत कूगनही होता. १ मार्च १९८४ रोजी, वयाच्या ६९व्या वर्षी, हृदयविकाराने तो गेला.

ज्यांना फक्त ‘द किड’ पाहायचा आहे, त्यांनी ही आवृत्ती घेऊ नये. फुकटच्या प्रतींतली त्यातल्या त्यात बरी शोधावी, आणि ती १९२१च्या लांबीची असली तर उत्तमच. ज्यांच्याकडे सर्व विभागांचा प्लेअर आहे, त्यांनी डीव्हीडी घेऊन दहा डॉलर वाचवण्याच्या फंदात न पडता ब्ल्यू-रेच घ्यावी आणि आधी चित्रपट, मग जॅकीवरचा निबंध, मग हिरवळीवरचा तो माउंटबॅटनी खेळ आणि अखेरीस कूगनची मुलाखत अशा क्रमाने पाहावी. भाच्याला मी हे सारे फोनवर सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि प्लेअर किती रुपयांना पडेल ते विचारले.